टिकलेलं रक्त

तुला आज अरे-तुरे करणार आहे. सोळा-सतरा वर्षं 'अहो' म्हटलं, 'हे' म्हटलं, फोनवर 'आमच्या घरचे' म्हटलं. लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतलं, त्यानंतर नाही. काल तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, मोठी पातेली घासून दारात पालथी घातली, आत्या, तुझी आई, आत पडल्यात. आता कोण अडवणार मला? तर ऐक, सुभाष. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि या खेपेला मधेच उठून 'मोटार चालू करून येतो' म्हणून विहिरीकडं जायचं नाही.

लोक तुझ्याविषयी फार चांगलं बोलले. कंपनीतली माणसं कोरेगाव भीमावरून टेम्पो करून आली होती. शांत माणूस, म्हणाले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुपरवायझरला कधी उलटून बोलला नाही. मी आत बायकांत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, शांत तर होताच. शांत राहून राहूनच तर माझी वाट लावली या माणसानं.

दहाव्याला काय झालं ते तुला माहीत नाही. नदीवर पिंड ठेवले होते आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघत उभे होते. कावळा झाडावर होता, पण खाली येईना. कुणी म्हणालं, बघा काय राहिलंय मनात. कुणी म्हणालं, आईबापाला सांभाळू म्हणावं. तेवढ्यात मामा, तुझे वडील, बोलले, अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं. "काय राहिलंय ते मला इचारा. ह्या बाईनं रक्त दिलं असतं तर माझं पोरगं आज हितं उभं असतं. दिलं न्हाई हिनं." सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माझी आई होती तिथं, भाऊ होता, अंगणवाडीतल्या पोरांच्या आया होत्या. मी गप्प राहिले. खरं सांगितलं असतं तर तुझी अब्रू गेली असती, म्हणून. तुझी राख पाण्यात गेली होती आणि मी तुझी अब्रू सांभाळत उभी होते. भावानं घरी जाताना मला विचारलं, "ताई, खरंच दिलं न्हाईस का गं?" माझ्या पाठच्या भावानं विचारलं हे.

आता पहिल्यापासून काढते सगळं. तुला ते आवडायचं नाही, उकरून काढणं म्हणायचास. मग म्हण.

तुला टीबी निघाला आणि टीबीच्या मागून हे एड्सचं निघालं. दौंडच्या डॉक्टरांनी तुला आत सांगितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, बाई, तुमचीही तपासणी करून घ्या. आत्यांनी तोवर ठरवूनच टाकलं होतं की मीच कुठून तरी आणलं असणार, कारण मी अंगणवाडीच्या मीटिंगा करत दौंडला हिंडते. माझं रक्त तपासलं, काही निघालं नाही. काही महिन्यांनी परत तपासलं, तरी नाही. तेव्हा तो आळ गळून पडला. माफी वगैरे कुणी मागितली नाही, नुसतं बोलणं बंद झालं त्याविषयीचं. तुझं ताट मात्र वेगळं झालं. तुझ्या सख्ख्या आईनं केलं ते, मी नाही. मी तुझ्या ताटात उरलेलं खात होते, कारण मला अंगणवाडीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, हा रोग ताटातून लागत नाही, कशातून लागतो आणि कशातून नाही. ते सगळं मी सासर-माहेर दोन्ही गावांतल्या बायकांना तक्ता दाखवून सांगितलं होतं, तुला निघायच्या कितीतरी आधी.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. रांगेत बसून बसून तुला पेपर वाचायची सवय लागली. एकदा घरी आलास तो पेपरचं अर्धं पान खिशात घडी घालून. ओसरीत खाटेवर बसून तू ते मोठ्यानं वाचलंस, अडखळत, कारण डोळे अधू झाले होते. परदेशात एक माणूस होता. त्याला हा रोग होता आणि वर रक्ताचा कॅन्सर. कॅन्सरसाठी त्याच्या हाडातला मगज बदलला, तर तो देणारा असा निघाला की त्याच्या पेशींना जन्मतःच ते दार नाही ज्यातून हा विषाणू आत शिरतो. झालं, या माणसाच्या रक्तातून रोगच गेला. आणि आता शास्त्रज्ञ म्हणतात, दुसऱ्याचा मगज तरी कशाला? रोग्याच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांचं दार बुजवायचं आणि परत त्याच्या अंगात सोडायच्या.

"म्हंजी बघ," तू म्हणालास, "आपलंच रक्त घ्यायचं, त्याला शिकवायचं, बाबा कडी लावून घेत जा, आन् परत घरी पाठवायचं."

"शाळेत घालायचं म्हणा की," मी म्हटलं.

"व्हय. तुझ्या अंगणवाडीत. पट्ट्या टाकून बसव समद्यांना."

तू हसलास. किती महिन्यांनी तुझे दात दिसले होते. मीही हसले. एवढ्या वर्षांत आपण दोघं मिळून एका गोष्टीला हसलो असं दोन-तीनदाच झालं असेल, त्यातलं हे एक. यासाठी मी तुझी आभारी आहे, खोटं कशाला बोलू.

पण ओसरीत मामा बसले होते. मामांनी कळप सोडून ऊस लावला त्याला जमाना झाला, तरी त्यांचं डोकं अजून मेंढरांतच चालतं. त्यांनी ते पान तुझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "ह्यात नवीन काय हाय? कळपात देवी आली का पटापट मरत्यात. पण येखादी अशी निघती का रोगातच बसती-उठती आन् तिला शिवत न्हाई. ती टिकलेली मेंढी. तिला आमी कवाच इकली न्हाई. तिच्यापास्नं पुढचा कळप धरायचा." आणि असं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आत्यांनीही पाहिलं. मी पीठ चाळत होते.

"हिला कुठं शिवलंय?" मामा म्हणाले. "इतकी वर्सं त्याच्या संगं ऱ्हायली. हिचं रक्त टिकलेलं हाय. हिचंच द्या त्याला."

त्यांचं काय चुकलं, सांग. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. त्यांना जे माहीत होतं त्यावरून त्यांनी अगदी बरोबर हिशेब केला. त्यांना जे माहीत नव्हतं ते तुला आणि मला माहीत होतं. तू खाटेवर बसून त्या कागदाची घडी घालत राहिलास. घडीवर घडी, सुपारीएवढा होईपर्यंत.

काय माहीत नव्हतं त्यांना? लग्न झालं तो उन्हाळा आठव. तू मला मोटारसायकलवरून वढूला नेलं होतंस. संभाजीराजांच्या समाधीपाशी हात जोडून तू किती वेळ डोळे मिटून उभा होतास, मी चोरून बघत होते. येताना भीमा नदीच्या कडेला भेळ खाल्ली, तुझ्या कागदातल्या मिरच्याही मीच खाल्ल्या आणि तू म्हणालास, "आता घरी आईशी भांडायला तिखट पुरंल तुला." ते चार-पाच महिने माझे. त्यावर कुणाचाही हक्क नाही, तुझासुद्धा नाही. मग किल्लारीला भूकंप झाला. तिकडच्या जखमींसाठी तुमच्या कंपनीनं रक्तदान ठेवलं आणि तू सगळ्यांच्या आधी जाऊन झोपलास. बिल्ला लावून आलास शर्टाला. मामांना दाखवलास, मला दाखवलास. त्या दिवाळीपासून तू माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाहीस.

आधी म्हणालास रात्रपाळी लागलीय. मग कंपनीजवळच खोली घेतलीस, कंपनीतल्या दत्ता भाऊजींबरोबर. रविवारी घरी आलास की मोटारीपाशी झोपायचास, वीज कधी येईल सांगता येत नाही म्हणून. पाठ धरलीय म्हणालास. मी चांगली साडी नेसून बघितलं, भांडून बघितलं, माहेरी शिरूरला जाऊन राहिले. न्यायला आलास तू, शहाण्यासारखा, हातात केळी घेऊन, आणि परत आणून तसंच मोटारीपाशी अंथरूण टाकलंस. एकदा मी विचारलं, मी आवडत नाही का? तर म्हणालास, तसं काय न्हाई. तसं काही नाही, मग कसं काय आहे, हे सांगायला तुझी जीभ उचलली नाही.

आणि इकडं आत्या. शेजारणीची ओटी भरायची तर मला चूल बघायला पाठवायच्या. कुणाच्या डोहाळजेवणाला मी उंबऱ्याच्या बाहेर. देवऋष्याकडं नेलं, अंगारे झाले, झाडपाला झाला. दौंडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन या. तू आला नाहीस. वांझ म्हणायचे मला, रे. मागं नाही, तोंडावर. अंगणवाडीत एका बाईनं पोरगं माझ्या मांडीवरून उचलून नेलं होतं. आणि तू रविवारी जेवताना हे सगळं ऐकायचास आणि म्हणायचास, भाकरी वाढ.

तर मामांनी मला टिकलेली मेंढी ठरवलं आणि घरात माझा भाव वाढला. ज्या आत्यांनी मला कधी साय दिली नाही त्या वाटीभर दूध पुढ्यात ठेवायला लागल्या. अंडी, बीट, गूळ-शेंगदाणे. "खा, रक्त वाढव." जत्रेच्या बोकडासारखी खाऊ घालत होते मला. मला हसू येत होतं. शेजारच्या बायका येऊन माझ्या दंडाकडं बघून जायच्या, कुठून काढणार म्हणून.

मामांनी आपल्याला पुण्याला नेलंच. दवाखान्यात ते बाहेर बाकावर बसले आणि आपण दोघं आत. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, पेपरमधलं खरं आहे, पण ते अजून प्रयोगात आहे, तिकडं परदेशात, मोजक्या लोकांवर. आपल्याकडं कधी येईल, येईल की नाही, मी सांगू शकत नाही. आणि हातातून काढलेलं रक्त दिलं म्हणजे ते होत नाही. आज तुमच्यासाठी गोळ्या आहेत, त्या चुकवू नका.

मग त्या माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, काही बायका वर्षानुवर्षं नवऱ्यासोबत राहतात आणि त्यांना लागण होत नाही, अशांच्या रक्तात काय असतं त्याचा आम्ही अभ्यास करतो. तुमची तयारी असेल तर नमुना द्याल का? मी तर दंड पुढं करून बसले होते. मग त्यांनी विचारलं, तुमचे संबंध नियमित होते ना? मी तुझ्याकडं बघितलं. तू पंख्याकडं बघत होतास. पंखा बंद होता.

मी म्हटलं, "न्हाई बाई. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपास्नं न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मग तुमचं रक्त साधंच आहे. पहिल्या महिन्यांत वाचलात ते नशीब." आणि वाईट वाटल्यासारखं माझ्या हातावर थोपटलं. माझं मलाच विचित्र वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगातल्या कशाला तरी किंमत आली होती, तीही गेली.

एसटीत तू माझ्याशी भांडलास. इतकी वर्षं भांडत नव्हतास, त्या दिवशी भांडलास. "भाईरच्या बाईला सांगायचं काय अडलं व्हतं?"

"मग काय सांगू? खोटं सांगू डॉक्टरला?"

"नशीब म्हणायचं, गप बसायचं."

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं. सरळ विचारलं. मागच्या बाकावर मामा डुलकी काढत होते.

तू खिडकीबाहेर बघून म्हणालास, "टीबी निघाला तवा."

मी विश्वास ठेवला. दुसरं काय करणार? म्हणजे तुला काही माहीत नव्हतं. म्हणजे तू लांब राहिलास तो नुसता मी नकोशी म्हणून, आणि त्या नकोसेपणामुळं मी वाचले. हे घेऊन मी तुझी सेवा केली सुभाष, तुझी हगवण काढली, तुझ्या तोंडातले छाले पुसले. तुला नको असलेली बाई म्हणून केलं.

घरी आल्यावर आत्यांनी दारातच विचारलं, "काय म्हनला डाक्टर?" मी थांबले. म्हटलं बोलशील आता. एक वाक्य लागत होतं, तिच्या रक्तानं काही होत नाही म्हणून. तू चपला काढल्यास आणि म्हणालास, "जमत न्हाई म्हणाले."

मामा म्हणाले, "कुणाला जमत न्हाई? डाक्टरला का हिला?"

तू वाकळ ओढलीस आणि भिंतीकडं तोंड केलंस. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद झालं. आत्या विहिरीवर सांगत सुटल्या, सुईला भ्याली आन् नवऱ्याला वाऱ्यावर सोडलं. तू ऐकलंस ते, माझ्यासमोर ऐकलंस. मी तुझ्याकडं बघितलं तर तू म्हणालास, जाऊ दे.

आणि गोळ्या. गोळ्यांचं तर बोलूच नये. फुकट मिळत होत्या. पुण्याला कितीतरी वर्षं मिळत होत्या. वेळेवर गेला असतास तर अजून कंपनीत कार्ड पंच करत असतास. तू गेलास ते अंगात काही शिल्लक नसताना, कारण रांगेत गावचं कुणी भेटलं तर? आणि मग खाटेवर पडून शिकवलेल्या रक्ताच्या बातम्या वाचत होतास. "आलं बघ अजून एक, उंदरावर जमलंय म्हणे." मी म्हणायचे, आधी ही गोळी गिळा, मग उंदराचं बघू. तुला ते टोचायचं. टोचू दे. समोर असलेल्या औषधाकडं पाठ करून तू न आलेल्या औषधाची वाट बघत होतास, ह्याचा मला अजून राग येतो. त्या शास्त्रज्ञांचा नाही येत. त्यांनी करावं, आणि लवकर करावं, कुणाच्या तरी कामी येईल. आपल्या राहू गावात, शिरूरला, आणि कुठं कुठं किती जण वाकळ ओढून पडले असतील तुझ्यासारखे.

शेवटच्या आठवड्यात तू माझा हात धरलास. आपणहून. मी पेलाभर पेज घेऊन बसले होते. तुझा हात तापलेला होता, नुसती हाडं. मला वाटलं, आता सांगतोय. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. तू म्हणालास, "मोटार बंद केली का?"

केली होती, बाबा.

दहाव्याला मामांनी ते सगळ्यांदेखत म्हटल्यावर मी घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. दत्ता भाऊजी मागून आले. तुझ्या खोलीतला जोडीदार, मी त्यांना वर्षाकाठी एकदा बघत असेन. ते उभेच राहिले. म्हणाले, "वैनी, मला ऐकवलं न्हाई ते. तुम्ही कशाला बोलून घेताय? सांगून टाका की."

"काय सांगू?"

"तुम्हाला सांगितलं न्हाई त्यानं?" त्यांचा चेहराच उतरला. मग पायरीवर टेकले आणि सांगितलं. भूकंपाच्या वेळचं ते रक्तदान. त्यानंतर रक्तपेढीतला माणूस कंपनीच्या गेटवर आला, तुला बाजूला घेतलं, म्हणाला, परत कुठं रक्त देऊ नका, पुण्यात जाऊन तपासून घ्या. दत्ता भाऊजी बरोबर गेले होते तपासायला. दिवाळीच्या आधी. तिथून येताना तू गाडी रस्त्याच्या कडेला लावून ओकलास.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवाळीपासून माहीत होतं. एसटीत माझ्या तोंडावर खोटं बोललास.

मी विचारलं, "मला का न्हाई सांगितलं? मी सोडून जाईन म्हणून?"

दत्ता भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "म्या लई येळा म्हटलं, सांग. तर म्हणायचा, सांगितलं तर तिनं जायाला पायजे. मीच म्हणायला पायजे, जा, दुसरं घर कर. आन् ते माझ्यानं हुयाचं न्हाई. रविवारी घरी गेलो का ती दारात असती, तेवढं तरी असू दे."

तेव्हापासून माझं डोकं ताळ्यावर नाही. किती रात्री तू त्या मोटारीच्या घरघरीत पडून काढल्यास, एकवीस-बावीस वर्षांचा होतास तू, आणि मी आत बांगड्या वाजवत कूस बदलत होते. तू एकदाही चुकला नाहीस. तुझ्या वयाचे किती जण चुकले, त्यांच्या बायका मी त्या रांगेत बघितल्या आहेत, कडेवर पोरं घेऊन. मी जिवंत आहे ती तुझ्यामुळं. हे मी मानते. माझ्या आईनं जन्म दिला तसा तू दिलास, आणि ह्यासाठी तुझ्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं मी. पण ठेवणार कसं, तू पाय दाखवलेच नाहीस. आणि ते डोकं ठेवून झाल्यावर वर उठून मी तुला विचारलं असतं, मला वाचवायचं होतं तर सोडायला काय झालं होतं? माझी विशी होती तेव्हा. माझा जीव मला दिलास आणि आयुष्य तेवढं ठेवून घेतलंस, रविवारी दारात कुणीतरी असावं म्हणून. वांझ म्हणू दिलंस. रक्त चोरलं म्हणू दिलंस. सांगितलं असतंस तर कदाचित मी गेलेच नसते, अरे. मी काय केलं असतं ते मला आता कुठून कळणार?

आज सकाळी मी सांगितलं. तुझी अब्रू आजपर्यंत पुरे झाली. आत्या जात्यापाशी होत्या, मामा चहा पीत होते. मी उभ्यानंच सांगितलं, माझं रक्त टिकलेलं नाही, मी वांझही नाही, तुमच्या पोरानं पहिल्या दिवाळीपासून मला हात लावला नव्हता, आणि का नव्हता ते दत्ता भाऊजींना विचारा. आत्या म्हणाल्या, "मेल्या माणसावर आळ घेतीस व्हय गं?" आणि आत जाऊन पडल्या त्या पडल्याच.

मामांचा चहा तसाच निवला. मी भांडी आवरायला लागले तेव्हा म्हणाले, "पोरी, बस." त्यांच्या समोर मी कधी बसत नाही. बसले.

म्हणाले, "तुला ठाव न्हाई. लगीन हून चार-पाच वर्सं झाली आन् घरात पाळणा हलंना, तवा म्या त्याच्यासाठी दुसरी पोरगी बघितली व्हती. सुपारी फोडायची तेवढी ऱ्हायली व्हती. ह्यो उपाशी बसला, दोन दिस अन्नाला शिवला न्हाई. म्हणला, दुसरी आणली तर म्या घर सोडून जाईन, मला ती एकच पायजे." मामांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. "आमाला वाटलं, पोराचा तुझ्यावर लई जीव हाय. तुला सांगितलं न्हाई, डोक्यावर बसशील म्हणून."

हे एवढं जर मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यावर सगळी वर्षं काढली असती. आज कळलं, आणि आज त्याचं दुसरं कारणही माहीत आहे. दुसऱ्या पोरीचाही जीव जाऊ नये म्हणून उपाशी राहिलास, हो ना? का मामांना वाटलं तेही थोडं होतं? दोन्ही होतं का रे, सुभाष? एवढं तरी सांगून जायचं होतंस.